डोंगर उतरल्यावरची भूक

१७ ऑक्टोबर

आज घरी आले. डॉक्टरीणबाईंनी पोटाचा निम्म्याहून जास्त भाग काढून टाकला, त्याबरोबर ती गाठही गेली. उरलेलं पोट तान्ह्या बाळाचं समजा आणि त्याच्याशी तसंच वागा, असं त्या म्हणाल्या. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, चावून चावून.

ह्यांनी पेज करून ठेवली होती. आयुष्यभर मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, पेजेलाही इंजिनासारखीच भरपूर आच दिलेली. तळ करपला होता. "कशी झालीय?" म्हणून विचारलं. मी "छान" म्हटलं. खरं म्हणजे मला ती करपलेली आहे हेही वासावरून कळलं, जिभेवरून नाही.

जेवायची वेळ झाली हे मला आता घड्याळ सांगतं. पोट काही बोलत नाही. इथे मोकपोच्या बाजारात तीस वर्षं मी तोंडीलावणी विकली, मुळ्याची, पालकाची, सुक्या मांदेलीची. गिऱ्हाईक दुकानापुढे उभं राहिलं की चेहऱ्यावरून ओळखायचे, ह्याला खरी भूक आहे की हा नुसता सवयीनं घेतोय. आता मीच सवयीनं खाणारी झाले.

हेवॉन सोलहून फोनवर म्हणाली, "आई, रोज काय खाल्लंस ते लिहीत जा." चार चमचे, तीन चमचे असं किती लिहिणार? म्हणून बाकीचंही लिहिते. अंगणातलं पर्सिमनचं झाड फळांनी केशरी होऊन गेलंय. ते बघायला परत आले, हे काही थोडं नाही.

२५ ऑक्टोबर

शेजारच्या सुंदोक ताईंनी भोपळ्याची गोड पेज पाठवली. ताई वयानं माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या आणि आवाजानं पंचवीस. त्यांचं मन राखायचं म्हणून भराभर खाल्ली. थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली, घामानं कपडे भिजले, जमिनीवरच आडवी झाले. गोड खाल्लं किंवा घाईनं खाल्लं तर असं होईल, हे दवाखान्यात सांगितलं होतंच. सांगणं वेगळं आणि होणं वेगळं. आजपर्यंत भूक नव्हती, आता वर भीती.

ह्यांनी माझं अंग पुसलं, पांघरूण घातलं. नंतर मी उठून ह्यांना वाढायला गेले तर म्हणाले, "मला भूक नाही. धक्क्यावर एक चक्कर मारून येतो."

परत आले तेव्हा कोटाला माशाच्या रश्श्याचा वास होता.

६ नोव्हेंबर

तपासणी. वजन आणखी उतरलंय. कीमोच्या गोळ्या सुरू आहेत, त्यांनी तोंडाला सगळं लोखंडासारखं लागतं. वजन असंच उतरत राहिलं तर गोळ्या थांबवाव्या लागतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि थांबवल्या तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग म्हणाल्या, "मावशी, चालायला लागा. जमेल तसं चढावरही जा. पायातलं मांस गळून चाललंय. आणि चाललात तर हळूहळू भूकही लागेल."

मी म्हटलं, "गाडीत पेट्रोल नाही आणि तुम्ही म्हणता घाट चढा. दोन चमचे खाते, ते डोंगरालाच देऊन येऊ?"

त्या हसल्या. माझ्या मुलीहून लहान असतील. "देऊन बघा," म्हणाल्या.

 बाहेर आल्यावर हे सरळ सुंदोक ताईंच्या दारात गेले. दोघांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, म्हणजे ताई हळू बोलल्या असणार. आश्चर्यच आहे.

९ नोव्हेंबर

ताई सकाळीच हजर. त्या रोज युदालच्या डोंगरावर जातात, थंडीवाऱ्यातही. "ऊठ ओकरान. वर जायचं नाही, मध्यावर व्यायामाची यंत्रं बसवलीत ना, तिथपर्यंतच. वरचं वर बघू."

दगडी पायऱ्या. प्रत्येक वळणावर मी बसत होते आणि ताई माझ्या डोक्यावर उभ्या राहून अख्ख्या गल्लीच्या बातम्या सांगत होत्या. पायऱ्यांपेक्षा बातम्यांनी दम लागला. यंत्रांपाशी पोचले तेव्हा खाली समुद्र, बेटं, सगळं तिथल्या तिथे होतं. मी नव्हते तरी कुणी काही हलवलं नव्हतं.

मला वाटलं, आता घरी जाऊन जेवेन. लहानपणी चढउतार करून आलो की आईच्या हंड्यावर तुटून पडायचो. पण दार उघडलं आणि भाताच्या वाफेनंच मळमळलं. वेळ झाली म्हणून दोन घास ढकलले, ते बाहेर आले. डोंगरानं होतं तेही घेतलं.

१८ नोव्हेंबर

पुन्हा दोनदा गेले, दोन्ही वेळा तेच. आल्याआल्या खायला बसायचं आणि ताट दूर सारायचं. आज ताईंना सांगितलं, मी नाही येणार.

"पाय दुखतात?"

"पाय बरे आहेत. खाणंच जात नाही."

ताई पायरीवर बसल्या. मग मनात होतं ते सगळं बोलून टाकलं. म्हटलं, "ताई, हेही आता घरी जेवत नाहीत. रोज बाहेर खाऊन येतात. माझी चव गेली ना. मीठ किती पडतंय मलाच कळत नाही. खारट-आळणी खाऊन किती दिवस काढतील बिचारे."

"त्यांना विचारलंस?"

"काय विचारायचं त्यात? तोंडावर खरं थोडंच सांगणार आहेत."

ताईंनी माझ्याकडे नीट बघितलं.  "तू हुशार आहेस असं तीस वर्षं समजत होते," एवढंच म्हणून उठून गेल्या. कशाबद्दल, कोण जाणे.

३० नोव्हेंबर

यंदा हिवाळ्याची किमची, ते कोबीचं तिखट लोणचं, घालायची नाही असं ठरलं होतं. पण बाजारातल्या चौघीजणी रात्रभर खारवलेले कोबी टोपल्यांत भरून अंगणात येऊन उभ्या राहिल्या. "तू नुसती खुर्चीवर बस आणि ओरड," म्हणाल्या. तीस वर्षं एकीनं दुसरीच्या घरी जाऊन घालायची हा आमचा रिवाज. मी त्यांच्याकडे घातली, आता त्यांनी माझ्याकडे. पण ह्या वर्षी त्या न बोलावता आल्या, हे मी मेले तरी विसरणार नाही.

खुर्चीवर बसवलं तर कोण बसतं. थोड्या वेळानं हातमोजे चढवले आणि उकिडवी बसले. पानापानाला तिखट मसाला चोळायचा, गड्डा दुमडायचा, माठात दाबायचा. खांदे भरून आले, घाम आला. चांगला घाम, भीतीचा नाही.

प्रश्न चवीचा. मसाल्यात खारवलेला जवळा किती पडला ते दर वर्षी मी चाखून सांगायचे, आताही सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी ह्यांना हाक मारली. कोबीचं कोवळं पान मसाल्यात गुंडाळून ह्यांच्या तोंडात घातलं. "सांगा. खारट?"

हे चावत राहिले. डोळ्यांत पाणी आलं. "बरोबर आहे," म्हणाले. "तुझ्यासारखंच आहे."

मिरची जास्त झाली असावी. मी थोडा मुळा वाढवला.

दुपारी सगळ्या उकडलेलं डुकराचं मांस आणि ताजी किमची घेऊन जेवायला बसल्या. हे आपलं भांडं घेऊन परसात गेले, माठ बघतो म्हणाले. माठ काय पळून जाणार होते? मला फार लागलं ते. चार बायकांसमोर.

मला तेव्हा काही खाववलं नाही. सगळ्या गेल्यावर पडून राहिले. उठले तर विचित्रच झालं. हात गार, आत पोकळ, कशात चित्त नाही. माठाचं झाकण वाकडं दिसलं त्यावरून ह्यांच्यावर एवढी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. ह्यांनी पेज गरम करून पुढे ठेवली. रागारागात वाडगा संपवला. अतिश्रमानं डोकं फिरलं असणार.

१३ डिसेंबर

वजन उतरलं नाही. वाढलंही नाही, पण उतरलं नाही. गोळ्या सुरू राहणार. दवाखान्याच्या दारातच मी ह्यांचा हात धरला, बाजारातल्या ओळखीच्या बायका बघत होत्या तरी.

डॉक्टरीणबाईंना डोंगराची तक्रार सांगितली. त्या म्हणाल्या, "पण तुम्ही लगेच खायला बसताच कशाला? चढउतार करून आलं की शरीराला तेव्हा अन्न नको असतं. पुष्कळांचं असं होतं, अगदी धडधाकट माणसांचंही. बसा, अंग निवू द्या, थोडं झोपा. मग बघा."

ही साधी गोष्ट मला सुचली नाही. जेवण म्हणजे औषध, वेळ झाली की घ्यायचं, हेच डोक्यात बसलेलं. ताईंना जाऊन सांगितलं, उद्यापासून येते. त्या म्हणाल्या, "मी कुठे तुझं नाव कापलं होतं?"

२१ डिसेंबर

आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस. ह्या दिवशी तांबड्या चवळीची पेज करायची रीत. ह्यांना ती फार आवडते, आतल्या तांदळाच्या गोळ्यांसकट. सकाळी डोंगर, मग विश्रांती, मग स्वयंपाक. दोन वाडगे भरून टेबलावर ठेवले तर हे कोट घालायला लागले.

"कुठे?"

"जरा बाजारात."

"आणि पेज?"

"मला एवढी भूक नाही. तू खा."

माझा संयम सुटला. म्हटलं, "अहो, माझ्या हाताला चव राहिली नाही, असं सरळ सांगा. रोज दुसरीच्या हातचं खाऊन येता आणि मला सांगता भूक नाही. पोट कापलंय माझं, नाक नाही."

हे दारातच थांबले. एक हात बाहीत, दुसरी बाही लोंबत होती. लग्नाला अडतीस वर्षं झाली, ह्यांना एवढं लांब बोलताना मी चारपाचदाच ऐकलं असेल.

"दवाखान्यात," हे म्हणाले, "ऑपरेशन झाल्यावर मी खिडकीपाशी बसून नूडल्स खात होतो, तो कागदी डबा मिळतो त्यातल्या. तुला पाण्याचा घोटसुद्धा बंद होता. तू माझ्याकडे बघितलंस, भिंतीकडे तोंड केलंस आणि रडलीस. मला लाज वाटली. तेव्हाच ठरवलं, हिला खाता येत नाही तोवर हिच्यासमोर खायचं नाही."

"मग कुठे खाता?"

"धक्क्यावर त्या म्हातारीच्या टपरीत. उभ्याउभ्या. रस्सा बरा करते." मग थोडं थांबून, "तुझ्यासारखा नाही."

मी खाली बसले. मला ती संध्याकाळ चांगली आठवत होती. म्हटलं, "मी वासानं खावंसं वाटून नाही हो रडले. मला तर वाससुद्धा आला नव्हता. तीस वर्षं मी गावाला जेवायला घातलं, आणि माझा नवरा कागदी डब्यातल्या शेवया खातोय, वर तोंडीलावायला मुळ्याची फोडही नाही. मी गेले तर हा माणूस असाच खाणार, रोज असाच, ह्या विचारानं रडले."

 ह्यांनी कोट काढून खुंटीला लावला, पण तो खाली पडला, आणि कुणी उचलला नाही. हे समोर बसले. खाल्लं. परत मागितलं. मी समोर बसून बघत होते, ह्यांच्या कपाळावर घाम यायला लागला, नाक ओढत होते, गोळा मिटक्या मारत खात होते. इतकं सुंदर काही मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. माझा वाडगाही कधी रिकामा झाला मला कळलं नाही.

११ जानेवारी

तीन दिवस बर्फ. पायऱ्या बंद. घरात बसून आहे, जेवण नुसतं घड्याळावर चाललंय, घास तोंडात फिरतो. ताई भिंतीवरून ओरडून विचारतात, "ओकरान, चालतेयस का?" म्हणून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारते.

१६ फेब्रुवारी

आज माझी चांगलीच फजिती झाली. लिहून ठेवते.

आता मी ताईंबरोबर यंत्रांच्याही वर, पहिल्या मंडपापर्यंत जाते. खाली येते, कोमट पाण्यानं अंग पुसते, पडते. पण गेले कित्येक दिवस एक नवीन दुखणं लागलं होतं. झोपून उठलं की दुपारी जीव चिडचिडा होतो. हात गार पडतात, आत काहीतरी ओढल्यासारखं, कुणी बोललेलं सहन होत नाही. ह्यांनी चमचा चुकीच्या डब्यात ठेवला तरी भांडते. मग पुढे येईल ते खाते आणि शांत होते. गोळ्यांचाच परिणाम, म्हणून मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं आणि चिडचिडीवर औषध मागितलं.

त्यांनी आधी रक्तातली साखर तपासली, ती ठीक निघाली. मग ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली बघत होते, पण खांदे हलत होते.

"काका, तुम्हाला काही सांगायचंय?"

"मला काय सांगायचं," हे म्हणाले. "लग्न झाल्यापासून ही भुकेली असली की अशीच भांडते. आधी झाकणांवरून, मग चमच्यांवरून, मग माझ्या आईवरून. आई अजून यायचीय."

डॉक्टरीणबाई हसता हसता खुर्चीत मागे रेलल्या. "मावशी, ह्या दुखण्यावर औषध आहे. जेवण."

मी म्हटलं, "पण पोट कुठे गुरगुरतंय?" त्या म्हणाल्या, आता पोट पूर्वीसारखं गुरगुरेलच असं नाही, भूक आपली वाट बदलून येते, तुम्ही तिला ओळखायला शिका.

येताना बसमध्ये ह्यांना विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"किमची घातली त्या दिवसापासून. तू झाकणावरून ओरडलीस तेव्हा परसात जाऊन मी हात जोडले."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू ओरडत होतीस ना."

वजन थोडं वाढलंय. थोडंच, पण वर.

६ एप्रिल

डोंगर पिवळ्या फुलांनी भरलाय, सगळं गाव वर लोटलंय. आज हेही आले. ह्यांचा गुडघा बोटींच्या तळघरांत वाकून वाकून गेलाय, तरी यंत्रांपर्यंत चढले. मी आणि ताई पुढे थेट माथ्यापर्यंत जाऊन आलो. माथा मी ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा पाहिला. वाऱ्यात ताईंचा आवाजसुद्धा पुरत नव्हता.

खाली आलो तर हे बाकावर डबा घेऊन बसलेले. सकाळी मी समुद्रशैवालात भात गुंडाळून किंबाप केले होते, पालक, अंडं आणि मुरवलेला मुळा घालून. जिभेला आता चव कळायला लागलीय, मीठ मी स्वतः चाखलं होतं. ह्यांनी झाकण उघडलं. म्हटलं, "आत्ता नको. अंग निवू दे. तुम्ही खा."

"थांबतो," म्हणाले, आणि झाकण लावलं.

ह्यांना भूक लागली होती, मला दिसत होतं. तीस वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे वाचले आहेत. तरी हात मांडीवर ठेवून बेटांकडे बघत बसले. आम्ही हेवॉनबद्दल बोललो, दुकान निदान सकाळपुरतं उघडावं का ह्याबद्दल बोललो. उन्हाळ्यात मोठी तपासणी आहे, तिच्याबद्दल बोललो नाही. ताई मधल्या मधे दुसऱ्या बाकावर जाऊन तिथल्या लोकांना व्यायाम शिकवायला लागल्या.

मग ती आली. ह्या वेळी मी भांडायच्या आधीच तिला ओळखलं. कुठून आली सांगता येत नाही, पोटातून नाही, बहुतेक पोटऱ्यांतून वर चढत आली. मी म्हटलं, "अहो, भूक लागली."

हे म्हणाले, "पुन्हा सांग."

"भूक लागलीय मला. उघडा तो डबा."

ह्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. एकेक तुकडा, चावून चावून. ह्यांच्या वाटणीचे ह्यांनी कधीच संपवले. माझे थोडे उरले होते, ते मी सावकाश खात होते, एवढ्यात ताई आल्या आणि बोलता बोलता माझ्या डब्यातला तुकडा उचलला.

माझा हात माझ्या आधी पुढे गेला. ताईंच्या बोटांतून मी तो तुकडा काढून घेतला. "तो माझा आहे," म्हटलं, आणि तोंडात टाकला.

ज्या बाईनं अख्ख्या बाजाराला वरचा एक चमचा फुकट वाढला, ती असं करेल हे कुणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही.  मग सुंदोक ताईंनी टोपीच तोंडावर ओढून घेतली आणि तिच्याआड रडायला लागल्या. जाणारे-येणारे बघायला लागले. हे त्यांना म्हणाले, "रडू नका वहिनी, मी तुम्हाला खाली दुसरं घेऊन देतो."

"नको मला," ताई टोपीच्या आडून म्हणाल्या. "खाऊ दे तिला."

मी खात होते.